त्रिकोणमितींतील व्यस्त फलांचीं सूत्रें पाठ करावीं काय ?

त्रिकोणमितीच्या पुस्तकांत व्यस्त फलांचें प्रकरण आलें म्हणजे विद्यार्थ्याच्या वहींत एक लांबलचक यादी उतरते. साइनच्या कंसांत व्यस्त कॉस आला तर काय लिहावें, कॉसच्या कंसांत व्यस्त टॅन आला तर काय लिहावें, दोन व्यस्त टॅनांची बेरीज कशी करावी, व्यस्त साइनची दुप्पट कशी मांडावी, अशीं वीस-पंचवीस सूत्रें एकाखालीं एक लिहिलीं जातात, त्यांभोवतीं तांबड्या पेन्सिलीनें चौकटी आंखिल्या जातात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं तीं मंत्रासारखीं घोकलीं जातात. शिकवणीच्या वर्गांतून हीच यादी छापील स्वरूपांत हातीं मिळते. ती पाहून पालकांसहि समाधान वाटतें कीं मुलाचा अभ्यास झाला. आमच्या मतें या यादीपैकीं बहुतेक सूत्रें पाठ करण्याची कांहींएक आवश्यकता नाहीं. आणि जो विद्यार्थी तीं केवळ पाठ करितो तो नेमका जेथें सावध राहावयाचें तेथेंच फसतो. हें मत कांहीं शिक्षकांस व पुष्कळ पालकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. म्हणून तें उदाहरणांनिशीं मांडण्याचें योजिलें आहे. खालच्या इयत्तांतील ज्या वाचकांनीं अद्यापि हें प्रकरण पाहिलें नसेल त्यांनीं भिऊं नये. काटकोन त्रिकोण आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढें ज्यास ठाऊक आहे त्यास पुढील मजकुरापैकीं बराचसा सहज समजेल.

प्रथम हें 'व्यस्त' प्रकरण काय आहे तें पाहूं. साइन हें फल कोन घेतें आणि गुणोत्तर देतें. ३० अंशांचा कोन द्या, तें १/२ देईल. व्यस्त साइन हें याच्या उलट वाटेनें जातें. १/२ हें गुणोत्तर द्या, तें ३० अंशांचा कोन देईल. म्हणजे 'व्यस्त साइन १/२' हें एका कोनाचें नांव आहे. 'ज्याचा साइन १/२ आहे तो कोन' इतकाच त्याचा अर्थ. आमच्या विद्यार्थ्यांस पहिली ठेंच येथेंच लागते. ते या अक्षरांकडे कोनाचें नांव म्हणून पाहातच नाहींत. ती कांहीं गुंतागुंतीची बैजिक राशि आहे अशा समजुतीनें तिच्याशीं झटूं लागतात. या गोंधळांत चिन्हाचाहि थोडा दोष आहे. १८१३ सालीं जॉन हर्शेल या इंग्रज गणित्यानें साइनच्या माथ्यावर उणे एक लिहून व्यस्त साइन दाखविण्याची रीति पुढें आणिली. पण त्याच जागीं दोन लिहिले तर तो साइनचा वर्ग होतो. मग उणे एक लिहिला तर 'एक भागिलें साइन' कां होऊं नये, असें एखाद्या चलाख मुलानें विचारिलें तर शिक्षकांनीं त्याच्यावर रागावूं नये. प्रश्न रास्त आहे, आणि 'तशी वहिवाट आहे' यापलीकडे त्यास उत्तर नाहीं. साइनच्या आधीं 'आर्क', म्हणजे चाप, हा शब्द जोडण्याची दुसरी रीति आम्हांस अधिक पसंत आहे, कारण आपण गुणोत्तर शोधीत नसून चाप शोधीत आहों, हें ती उघड सांगते.

आपल्याकडील जुन्या ज्योतिर्गणित्यांनीं तर ही गोष्ट शब्दांतच बांधून ठेविली होती. त्यांनीं वर्तुळाच्या खंडांत धनुष्य पाहिलें. वांकलेला चाप तें धनुष्य, आणि त्याचीं दोन टोकें जोडणारी सरळ रेषा ती त्याची दोरी, म्हणजे ज्या. (पुढें अर्ध्या दोरीसच ज्या म्हणूं लागले, आणि तीच आजची साइन होय. हा शब्द अरबींतून लॅटिनमध्यें जातां जातां त्याचें रूप कसें पालटलें, ती कथा मोठी गमतीची आहे. पण तिला येथें जागा नाहीं.) चाप दिला असतां ज्या काढणें हें एक काम, आणि ज्या दिली असतां चाप काढणें हें दुसरें. या दुसऱ्या कामास केरळांतील गणिती चापीकरण म्हणत. दोरीवरून धनुष्य ओळखणें ! व्यस्त साइनची याहून सुटसुटीत व्याख्या आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां यादीकडे वळूं. टॅन (व्यस्त साइन ५/१३) याची किंमत काढावयाची आहे. यादीवाला विद्यार्थी वहींतील सातवें कीं आठवें सूत्र आठवूं लागतो. त्यास आम्ही म्हणतों, सूत्र राहूं दे. कागदावर एक काटकोन त्रिकोण काढ. ज्या कोनाचा साइन ५/१३ आहे तो कोन आपणांस हवा. तेव्हां त्या कोनासमोरील बाजू ५ आणि कर्ण १३ धर. तिसरी बाजू पायथागोरस सांगेल. १६९ मधून २५ गेले, १४४ उरले, म्हणून ती १२. टॅन म्हणजे समोरील बाजू भागिलें लगतची बाजू, उत्तर ५/१२. यांत कोणतें नवें सूत्र लागलें ?

अंकांच्या जागीं अक्षर आलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. साइन (व्यस्त कॉस क्ष) हवा असेल तर कर्ण १ व लगतची बाजू क्ष धरावी. समोरील बाजू √(१ − क्ष²) होते आणि तेंच उत्तर. त्याच चित्राकडे पुन्हा पाहून टॅन (व्यस्त कॉस क्ष) म्हणजे √(१ − क्ष²)/क्ष, हें लिहितां येतें. कॉस (व्यस्त टॅन क्ष) विचारिला तर समोरील बाजू क्ष, लगतची १, कर्ण √(१ + क्ष²), म्हणून उत्तर १/√(१ + क्ष²). कॉस (२ व्यस्त साइन क्ष) हें दिसावयास भयंकर. पण व्यस्त साइन क्ष या कोनास क्षणभर 'अ' म्हणा, म्हणजे तें नुसतें कॉस २अ आहे, आणि कॉस २अ म्हणजे १ उणे साइन अ च्या वर्गाची दुप्पट, हें आधींच शिकलेलें आहे. साइन अ म्हणजे क्ष. तेव्हां उत्तर १ − २क्ष². कोनास त्याचें नांव दिलें कीं भीति जाते. यादीचें निम्में पान असें एका त्रिकोणांत मावतें.

येथें चौकस विद्यार्थी विचारील, कीं वर्गमूळ धन घ्यावें कीं ऋण ? आमचा सगळा लेख खरें पाहतां याच प्रश्नासाठीं आहे.

एका कोनाचें गुणोत्तर एकच असतें, पण एका गुणोत्तराचे कोन अनेक असतात. ज्याचा साइन १/२ आहे असा कोन ३० अंशांचा आहे, १५० अंशांचाहि आहे, आणि पुरता एक फेरा घालून आलेला ३९० अंशांचाहि आहे. मग 'ज्याचा साइन १/२ तो कोन' म्हणजे यांपैकीं कोणता ? गांवांत एकाच नांवाचीं पांच माणसें असलीं आणि पाकिटावर नुसतें नांव असलें, तर टपालवाल्यानें पत्र कोणाच्या दारीं टाकावें ? गणित्यांनीं यावर संकेत ठरविला. व्यस्त साइन म्हटलें कीं उणे ९० पासून ९० अंशांपर्यंतचाच कोन घ्यावयाचा. व्यस्त कॉस म्हटलें कीं ० पासून १८० पर्यंतचा. व्यस्त टॅन म्हटलें कीं पुन्हा उणे ९० व ९० यांच्या दरम्यानचा, मात्र तीं दोन टोकें वगळून. या ठरलेल्या आळींत जो राहतो, पत्र त्याचें. त्या कोनास मुख्य मूल्य म्हणतात. आळी अशी निवडली आहे कीं प्रत्येक नांवाचा तींत एक रहिवासी असावा आणि एकच असावा.

हा संकेत ध्यानांत घेतला म्हणजे वर्गमूळाच्या चिन्हाचा प्रश्न उरत नाहीं. व्यस्त कॉसचा कोन ० व १८० यांच्या दरम्यान आहे. तेथें साइन कधींच ऋण होत नाहीं. म्हणून साइन (व्यस्त कॉस क्ष) याचें वर्गमूळ धनच. क्ष स्वतः ऋण असेल तर कोन ९० च्या पलीकडे जातो व त्याचा टॅन ऋण होतो. पण आपल्या उत्तरांत छेदस्थानीं क्ष बसलेलाच आहे, तो आपलें चिन्ह बरोबर घेऊन येतो. त्रिकोण बाजूंचीं मापें देतो आणि संकेत चिन्ह देतो. पाठ केलेल्या सूत्रांत हें दुसरें अंग लपलेलें असतें, आणि घोकणाऱ्यास तें दिसत नाहीं.

तें न दिसल्यामुळें काय होतें तें आतां पाहा. साइन (व्यस्त साइन क्ष) म्हणजे क्ष, हें नेहमींच खरें. ज्याचा साइन क्ष आहे त्या कोनाचा साइन किती, या प्रश्नांतच उत्तर आहे. क्ष मात्र उणे १ व १ यांच्या दरम्यान असावा, एरव्हीं तसा कोनच नसतो. पण क्रम उलटा केला तर ? व्यस्त साइन (साइन १५० अंश) किती, असें विचारतांच दहांपैकीं आठ विद्यार्थी चटकन् '१५०' म्हणतील असा आमचा अंदाज आहे. एकानें चढविलें, दुसऱ्यानें उतरविलें, दोन्ही परस्परांस छेदून गेलीं, असा त्यांचा हिशेब. पण साइन १५० म्हणजे १/२, आणि १/२ या नांवाचें पत्र ३० अंशांच्या दारीं जातें. उत्तर ३०. उणे पांचाचा वर्ग करून त्याचें वर्गमूळ घेतलें असतां उणे पांच परत येत नाहीं, पांच येतो. हाहि त्याच जातीचा प्रकार आहे. वर्ग करतांना चिन्ह हरवलें तें हरवलें. साइन घेतांनाहि 'कोणता फेरा, वर्तुळाचा कोणता पाव भाग' ही हकीकत हरवते, आणि व्यस्त साइनजवळ ती परत आणण्याचें कांहीं साधन नसतें.

यावर यादींत आणखी चार सूत्रें वाढविणें हा उपाय नव्हे. दोन प्रश्न पुरेसे आहेत : गुणोत्तर काय आलें, आणि ठरलेल्या आळींत त्याच गुणोत्तराचा कोन कोणता ? व्यस्त कॉस (कॉस ३०० अंश) घ्या. ३०० हा ० ते १८० या आळीबाहेरचा. त्याचा कॉस १/२. आळींतला कोन ६०. व्यस्त साइन (साइन २०० अंश) घ्या. २०० चा साइन हा २० च्या साइनाएवढाच, पण ऋण. तेव्हां उत्तर उणे २०. आणि कोन रेडियनमध्यें दिला कीं तर भले भले घसरतात. १८० अंशांचे रेडियन 'पाय' इतके, म्हणजे ३.१४१५९ आणि कांहीं. ९० अंशांचे सुमारें १.५७. व्यस्त साइन (साइन ३) याचें उत्तर ३ असूंच शकत नाहीं, कारण ३ हा आकडा १.५७ हून मोठा आहे. १८० अंशांपासून जितका मागें, तितकाच साइनच्या हिशेबीं शून्यापासून पुढें. म्हणून उत्तर पाय उणे ३, सुमारें ०.१४१६. ज्या मुलास हें एकदां पटलें तो पुन्हा डोळे मिटून साइनावर व्यस्त साइन खोडणार नाहीं.

बेरजेच्या सूत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. व्यस्त टॅन क्ष आणि व्यस्त टॅन य यांची बेरीज म्हणजे व्यस्त टॅन (क्ष + य)/(१ − क्षय), असें प्रत्येक वहींत चौकटींत लिहिलेलें असतें. आतां क्ष = २ आणि य = ३ घाला. ५ भागिलें उणे ५, म्हणजे उणे १. व्यस्त टॅन उणे १ म्हणजे उणे ४५ अंश. दोन धन कोनांची बेरीज ऋण आली ! टॅन २ असणारा कोन ६३ अंशांहून मोठा, टॅन ३ असणारा ७१ हून मोठा. बेरीज १३५ च्या घरांत असली पाहिजे, आणि ती बरोबर १३५ च आहे. १३५ चा टॅनहि उणे १ च. पण १३५ हा आळीबाहेरचा असल्यामुळें व्यस्त टॅन त्याचें नांव घेत नाहीं. क्ष व य धन असतां त्यांचा गुणाकार १ हून अधिक झाला तर १८० मिळवावे लागतात, ही पुरवणी चौकटींत बसत नाहीं म्हणून सोडून दिलेली असते. आम्हांस त्या पुरवणीचीहि मातबरी वाटत नाहीं. कोनांचा अंदाज आधीं मनाशीं बांधला असतां ती आपोआप सुचते.

ज्यांस आंकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीं चौकटींची वही घ्यावी. अ हा एक बिंदु मांडा. तेथून दोन घरें उजवीकडे व एक घर वर जाऊन ब मांडा. ब पासून एक घर उजवीकडे व दोन घरें खालीं येऊन क मांडा. अब आणि बक या रेषा सारख्या लांबीच्या आहेत, आणि एक दुसरीस काटकोनांत आहे, कारण एकीच्या दोन-एकाची दुसरींत एक-दोन झाली आहे. म्हणून अ येथील कोन ४५ अंशांचा. आतां अ मधून आडवी रेषा काढा. त्या कोनाचे दोन तुकडे होतात. वरच्याचा टॅन १/२, आणि क हा अ पासून तीन घरें उजवीकडे व एक घर खालीं असल्यामुळें खालच्याचा टॅन १/३. म्हणजे व्यस्त टॅन १/२ आणि व्यस्त टॅन १/३ यांची बेरीज ४५ अंश, हें एकहि सूत्र न उच्चारतां डोळ्यांनीं दिसलें. आणि टॅन १/२ चा कोन व टॅन २ चा कोन हे मिळून ९० होतात, तसेच १/३ चा व ३ चा. तेव्हां वरचे १३५ कोठून आले तेंहि याच चित्रांत आहे.

कोणी म्हणेल, परीक्षेच्या कागदावर १८० अंशांची चूक झाली तर दोन गुण जातील, याहून अधिक काय बिघडणार ? कागदाबाहेर पुष्कळ बिघडेल. जमिनीची मोजणी करणारा मनुष्य दिशा कशी काढतो ? पूर्वेकडील अंतरास उत्तरेकडील अंतरानें भागतो आणि आलेल्या गुणोत्तराचा व्यस्त टॅन घेतो. एखादी खूण आपल्यापासून ३०० मीटर दक्षिणेस व ३०० मीटर पश्चिमेस आहे असें समजा. दोन्ही अंतरें ऋण; भागाकार १; व्यस्त टॅन ४५ अंश, म्हणजे ईशान्य दिशा. खूण तर नैर्ऋत्येस आहे ! जेथें जावयाचें त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेनें हा मनुष्य चालूं लागेल, आणि त्याचें यंत्र त्यास कांहीं सांगणार नाहीं, कारण दोन उणे चिन्हें भागाकारांत एकमेकांस खाऊन बसलीं. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या ज्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला, तिच्यांत त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिमालयापर्यंत मजल गेली. असल्या कामांत कोनाचा पाव भाग चुकविणारा गणक एक दिवसहि टिकला नसता. हल्लीं संगणकास सूचना लिहिणाऱ्यांनीं तर यासाठीं व्यस्त टॅनचें एक निराळें फलच ठेविलें आहे. तें भागाकार घेत नाहीं. दोन्ही अंतरें निरनिराळीं घेतें, म्हणजे त्यांचीं चिन्हें हरवत नाहींत. खिशांतल्या गणनयंत्रावरील व्यस्त टॅनची कळ मात्र मुख्य मूल्यच देते. यंत्र शहाणें आहे म्हणून आपण निश्चिंत राहावें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें एक उदाहरण स्वतः करून पाहावें.

राशि सोप्या करण्याचें हें काम निव्वळ शाळेची कसरत आहे, असाहि एक समज आढळतो. व्यस्त टॅनची अनंत श्रेणी केरळांतील माधव या गणित्याच्या परंपरेंत युरोपाच्या दोन-अडीचशें वर्षें आधीं ठाऊक होती, आणि ज्येष्ठदेवानें सोळाव्या शतकांत मलयाळम् भाषेंत लिहिलेल्या युक्तिभाषा या ग्रंथांत तिची उपपत्ति दिलेली आहे. तिच्यांत १ घातला कीं पायचा चतुर्थांश मिळतो; पण पदें इतकीं हळूहळू लहान होतात कीं पायचीं दोन दशांश स्थळें खात्रीनें मिळविण्यास दोनशेंच्या आसपास पदें लागतात. माधवाच्या परंपरेनें उरलेल्या भागासाठीं संस्कार लावून ही अडचण दूर केली. इंग्लंडांत जॉन मेचिन यानें १७०६ सालीं निराळी वाट काढली. टॅन १/५ असा कोन घ्या. त्याच्या दुपटीचा टॅन ५/१२ येतो. पुन्हा दुप्पट केली कीं १२०/११९ येतो, म्हणजे ४५ अंशांहून केसभर अधिक. तें केसभर किती ? ४५ अंश वजा केले कीं टॅन १/२३९ उरतो. तेव्हां ४५ अंश म्हणजे चार वेळां व्यस्त टॅन १/५, उणे व्यस्त टॅन १/२३९. १/५ घातला असतां श्रेणीचें प्रत्येक पद मागील पदाच्या पंचविसाव्या हिश्शाहूनहि लहान होतें. या एका ओळीच्या जोरावर मेचिननें पायचीं १०० दशांश स्थळें काढलीं. वरील तीन पायऱ्या दहावी-अकरावीचा विद्यार्थी स्वतः पडताळूं शकेल, आणि त्यानें त्या पडताळाव्या.

याच सूत्रानें विल्यम शॅंक्स या इंग्रज गृहस्थानें वर्षानुवर्षें हातानें हिशेब करून १८७३ सालीं ७०७ स्थळें प्रसिद्ध केलीं. तीं सत्तर वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानलीं गेलीं. मग फर्ग्युसन या गणित्यानें १/४, १/२० व १/१९८५ यांच्या व्यस्त टॅनांनीं बनलेलें दुसरेंच सूत्र घेऊन तोच हिशेब केला, आणि १९४६ सालीं जगास कळलें कीं शॅंक्सचीं ५२७ स्थळें बरोबर असून ५२८ व्या स्थळापासून पुढें सगळें चुकलेलें आहे. चूक सांपडली ती दुसऱ्या वाटेनें जाणाऱ्यास. ज्याच्याजवळ एकच पाठ केलेलें सूत्र आहे त्यास दुसरी वाट कोठून सुचणार ? 

एवढ्यावरून आम्ही पाठांतराचे वैरी आहों असा ग्रह मात्र कोणी करून घेऊं नये. पाढे पाठ असावेत, कविता पाठ असाव्यात, आणि गणितांतहि पाठ करण्याजोगें पुष्कळ आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचिलेल्या आर्यभटीयांत ज्यांच्या चोवीस अंतरांचें कोष्टक एका श्लोकांत गोंविलें आहे. २२५ पासून आरंभ करून तें ७ वर संपतें, आणि सर्वांची बेरीज ३४३८, म्हणजे कलांत मोजलेली त्रिज्या, होते. पिढ्यान् पिढ्या ज्योतिषी तो श्लोक म्हणत आले. पण तें कोष्टक नव्यानें तयार करण्यास किती खटपट पडते ! तें मुखोद्गत असण्यांत अर्थ होता. शिवाय तीं अंतरें काढावीं कशीं, हेंहि आर्यभटानें त्याच ग्रंथांत निराळें सांगून ठेविलें आहे. जें काढण्यास दिवस लागतो तें पाठ करावें. जें अर्ध्या मिनिटांत त्रिकोण काढून मिळतें तें पाठ करून डोक्यांत कां भरावें? व्यस्त फलांपुरतें पाहिलें तर तीन गुणोत्तरांच्या व्याख्या, कोनांच्या बेरजेचीं व दुपटीचीं नेहमींचीं सूत्रें, आणि तीन फलांच्या तीन आळी, एवढें मुखोद्गत असलें म्हणजे झालें. आळींचा पाठ मात्र पक्का हवा. तोच बहुतेकांचा कच्चा असतो.

'हें हुशार मुलांस ठीक, मंद मुलांनीं काय करावें ?' असें आम्हांस विचारलें जातें. आमचा अनुभव उलट आहे. हुशार मूल पंचवीस सूत्रेंहि निभावून नेतें. ज्याची स्मृति बेताची त्याच्या डोक्यांत तीं एकमेकांत मिसळतात; उण्याचें अधिक होतें, अंश छेदाच्या जागीं जातो, आणि गेलेलें सूत्र परत आणण्यास त्याच्याजवळ कांहींच नसतें. त्याच्या हातीं त्रिकोण देणें यासच आम्ही खरी मदत समजतों. दुसरा आक्षेप वेळेचा. आजच्या प्रवेशपरीक्षांत चार उत्तरांपैकीं एक निवडावयाचें असतें आणि घड्याळ डोक्यावर टांगलेलें असतें. तेथें चित्रें कोण काढीत बसणार? पण त्या परीक्षांचे प्रश्न काढणारेहि कांहीं भोळे नसतात. चार उत्तरांत एक उत्तर ते मुद्दाम घोकणाऱ्यासाठींच ठेवितात; व्यस्त साइन (साइन ३) विचारलें तर त्यांत '३' असावयाचाच. घाईनें तें निवडून वांचविलेला अर्धा मिनिट फार महाग पडतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी हें प्रकरण करीत असेल तेव्हां सूत्रांची यादी म्हणवून घेऊं नये. ती म्हणून दाखविणें सोपें आहे, आणि ऐकणाऱ्यास त्यांतील कांहीं कळलें नाहीं तरी ऐकून बरें वाटतें. त्याऐवजीं एक प्रश्न घालावा : व्यस्त कॉस (कॉस १०) किती, कोन रेडियनमध्यें धरून ? मूल 'दहा' म्हणालें तर त्यास एक वर्तुळ काढण्यास सांगावें आणि दहा रेडियन चालून जाण्यास किती फेरे पडतात तें त्याजकडून मोजवून घ्यावें. चार पाय उणे १०, म्हणजे सुमारें २.५६६, या उत्तरापर्यंत तें स्वतःच्या बोटानें फेरे मोजीत येईल. मग व्यस्त साइन (साइन १०) विचारावें. त्याचें उत्तर निराळें आहे, व तें आम्ही येथें देत नाहीं.